दगडी चर्चच्या दरजा : सिमेंट की चुना? (नाशिक)

गंगाकाठ

सर्वांना नमस्कार आणि सलाम.

नाशिकमधील एका जुन्या दगडी चर्चच्या पंचमंडळीत मी काम करते. चर्चचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण ज्या निर्णयाविषयी लिहीत आहे तो मंडळीच्या सभेत व्हायचा आहे आणि त्यापूर्वी त्याची नावानिशी चर्चा बाहेर व्हावी, हे मला योग्य वाटत नाही. प्रश्न मात्र आमच्या एकट्यांचा नाही. देवळाली, इगतपुरी, नगर, जालना, पुणे, जेथे जेथे काळ्या दगडाची जुनी चर्च उभी आहेत आणि दर रविवारी भरत आहेत, तेथे तो आज ना उद्या येणारच आहे.

आमच्या चर्चची पश्चिमेकडील भिंत पावसाळ्यात आतून ओली होते. व्यासपीठामागचा गिलावा फुगून गळून पडतो आणि त्याखाली पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, दिसतो. काही वर्षांपूर्वी याच भिंतीच्या बाहेरच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, एका ठेकेदाराकडून सिमेंटने भरून घेतल्या होत्या. ओल त्यानंतर कमी होण्याऐवजी वाढली. आता प्रस्ताव असा आहे की चारही भिंतींच्या दरजा सिमेंटने भराव्यात, दगडावर पारदर्शक जलरोधक लेप द्यावा आणि आतून सिमेंटचा गिलावा करून विषय कायमचा मिटवावा. प्रस्ताव मांडणारी माणसे मंडळीवर जीव लावणारी आहेत आणि त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे : सिमेंट सहज मिळते, त्याचे काम करणारा गवंडी सहज मिळतो, आणि पावसाळ्यापूर्वी काम उरकते. मला हे पटत नाही. परंतु सभेत केवळ ‘पटत नाही’ म्हणून चालणार नाही, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

इमारतीविषयी थोडे सांगते. भिंती जवळजवळ दोन हात रुंदीच्या आहेत. बाहेरून घडीव दगड, आतून ओबडधोबड दगडावर चुन्याचा गिलावा आणि मध्ये चुना व दगडगोट्यांचा भराव आहे. छपराला सागवानी कैच्या (छप्पर पेलणारे तिकोनी सांगाडे) असून त्यांवर मंगलोरी कौले आहेत. खिडक्यांच्या कमानी टोकदार आहेत. घंटेचा मनोरा लहानच आहे, पण घंटा अजून हातानेच वाजवली जाते आणि ती वाजवण्याचा मान तरुण संघातील मुले आळीपाळीने घेतात.

चर्च वापरात आहे, हे मला सर्वांत आधी सांगायचे होते. रविवारची मराठी उपासना, मुलांची संडे स्कूल, महिला मंडळाची प्रार्थनासभा, लग्ने, बाप्तिस्मे, अंत्यविधी हे तर आहेच. त्याखेरीज वस्त्रालयाच्या (पाळकांचे झगे ठेवण्याच्या) खोलीत वस्तीतील मुले संध्याकाळी अभ्यासाला बसतात, कारण त्यांच्या घरी बसायला जागा नसते, आणि त्यांत आमच्या मंडळीबाहेरची मुले अधिक आहेत. कापणीच्या सणाला लोक बाजरी, कांदे, द्राक्षांच्या पेट्या, घरची कोंबडी, लोणच्याची बरणी असे जे पिकले-केले असेल ते वेदीपुढे आणून ठेवतात आणि नंतर आवारात त्याचा लिलाव होतो. गेल्या लिलावाचे पैसे दुरुस्तीसाठी वेगळे ठेवलेले आहेत. ज्या बाईंनी दोन जुड्या मेथी आणली होती त्यांचेही पैसे त्या रकमेत आहेत, म्हणून ते चुकीच्या कामावर खर्च होऊ नयेत, याची मला फार काळजी वाटते.

माझे प्रश्न : सिमेंटमुळे ओल वाढली, हे माझे निरीक्षण खरे असू शकते का? चुन्याचे काम आज नाशिकमध्ये होऊ शकते का? आणि काम चालू असताना उपासना बंद ठेवावी लागेल का?

स्थापत्य_सिडको

ताई, आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि त्याचे कारण समजून घेतले तर सभेत मांडणे सोपे जाईल.

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून तो तयार झाला. चांगल्या प्रतीचा बेसाल्ट घट्ट असतो आणि पाणी फारच कमी शोषतो. त्यामुळे आपल्याकडच्या दगडी भिंतीत पाण्याचा प्रवास मुख्यतः दगडातून होत नाही, दरजांतून होतो. पाऊस दरजेतून थोडा आत जातो आणि पाऊस थांबल्यावर त्याच दरजेतून वाफ होऊन बाहेर पडतो. चुन्याची दरज सच्छिद्र असते, म्हणून हे आत-बाहेर करणे वर्षानुवर्षे सुरळीत चालते.

सिमेंटची दरज घट्ट आणि ताठर असते. उन्हाने दगड तापतो, रात्री निवतो, भिंत सूक्ष्म प्रमाणात हलते, आणि त्या हालचालीला सिमेंट साथ देत नसल्याने दगड व सिमेंट यांच्यामध्ये केसासारखी फट पडते. या फटीतून पाणी आत ओढले जाते, पण बाहेर पडण्याचा रुंद मार्ग सिमेंटने बुजलेला असतो. मग ते पाणी मधल्या चुन्याच्या भरावात साचते आणि जिकडे वाट मिळेल तिकडे, म्हणजे आपल्या बाबतीत व्यासपीठामागच्या गिलाव्याकडे, जाते. वाटेत ते क्षार विरघळवून घेते. सिमेंटमध्ये स्वतःचेही विद्राव्य क्षार असतात. गिलाव्याच्या पृष्ठभागाजवळ पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक मागे राहतात, ते वाढताना गिलाव्याला आतून ढकलतात आणि गिलावा फुगतो. तो पांढरा लोणा म्हणजे हेच स्फटिक.

आतूनही सिमेंटचा गिलावा केला तर ओल दिसेनाशी होईल, थांबणार नाही. ती भरावात राहील, भरावातील चुना हळूहळू धुऊन जाईल, आणि दोन दगडी पदरांमध्ये पोकळी निर्माण होईल. भिंतीचे पोट बाहेर येऊ लागते ते अशा वेळी. तेव्हा खर्च गिलाव्याचा राहत नाही, भिंत उतरवून पुन्हा बांधण्याचा होतो.

पारदर्शक लेपाविषयी माझे मत ठाम आहे : देऊ नये. चांगल्या बेसाल्टला त्याची गरज नाही, आणि दरजांवर तो बसला तर त्यांची वाफ बाहेर टाकण्याची क्षमता घटते. शिवाय एकदा दगडात मुरलेला लेप परत काढता येत नाही.

पाथरवट_पेठ

आमच्या घरात तीन पिढ्या दगडाचे काम चालत आले आहे. वरील सरांनी शास्त्र सांगितले, मी हाताचे सांगतो.

दगड सगळे एकसारखे नसतात. एकाच खाणीत एक थर लोखंडासारखा वाजणारा आणि त्याच्याखालचा थर बारीक भोकांचा, भोकांत पांढरे खडे भरलेला असा निघतो. नाशिकच्या खाणींत असे खडे भरपूर सापडतात आणि लोक ते शोभेला घेऊन जातात, पण बांधकामात तो दगड पाणी धरतो. जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते, म्हणून पावसाच्या बाजूला ते वाजणारा दगड लावत. आपल्या पश्चिमेच्या भिंतीवर लाकडी हातोडीने हलके ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर दगड चांगला. बद्द आवाज आला तर त्या दगडामागे पोकळी आहे किंवा दगडाचा पापुद्रा सुटला आहे, असे समजून खडूने खूण करावी. अशा खुणांचा नकाशा सभेपुढे ठेवलात तर काम कोठे आहे आणि कोठे नाही, ते सर्वांना दिसेल. चारही भिंती उकरण्याची गरज बहुधा पडणार नाही. ज्या दरजेचा जुना चुना अजून घट्ट आहे तिला हात लावू नये, एवढे माझे ऐका.

सिमेंट काढताना ग्राइंडर चालवू देऊ नका. तो दगडाच्या कडा खातो आणि कडा गेली की दरज कायमची रुंद होते. छिन्नी आणि हातोडीनेच, हळूहळू, मधून काढत कडेकडे यावे. दरज जितकी रुंद असेल त्याच्या निदान दुप्पट खोलीपर्यंत साफ करावी आणि चुना भरण्यापूर्वी पाण्याने धुऊन ओली करावी, नाही तर कोरडा दगड व जुना भराव चुन्यातले पाणी ओढून घेतात आणि चुना भुसभुशीत होतो.

जुनेनाशिक

चुन्याचे काम नाशिकमध्ये होऊ शकते का, या प्रश्नाचे उत्तर आपल्या घाटावरच उभे आहे. काळाराम मंदिराचा दगड रामशेजच्या डोंगरातला, सुंदरनारायण मंदिर १७५६ सालचे, त्र्यंबकेश्वराचे मंदिर पेशव्यांच्या काळातले, आणि यांतल्या कोणत्याही बांधकामात सिमेंट नव्हते, कारण सिमेंट तेव्हा आपल्याकडे आलेलेच नव्हते. ज्या पाथरवटांच्या आणि गवंड्यांच्या परंपरेने ही मंदिरे उभी केली, तिच्याच हाताने पुढे येथील चर्च, शाळा, कचेऱ्या आणि रेल्वेच्या इमारती उभ्या राहिल्या. कमान टोकदार आली, आराखडा परका आला, पण दगड, चुना आणि टाकीचा घाव येथलाच होता. माझ्या दृष्टीने ही चर्च नाशिकच्या बांधकामाच्या इतिहासाचा भाग आहेत आणि त्यांची काळजी घेणे हे केवळ ख्रिस्ती समाजाचे काम नाही.

ताई, सभेत मंडळीच्या इतिहासाविषयी दोन शब्द सांगणार असाल तर शरणपूरचा उल्लेख जरूर करावा. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकला १८३२ मध्ये सुरू झाले आणि १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना पुढे तेथे आश्रय मिळाला. त्यांना लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हातव्यवसाय शिकवले गेले. आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी व शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी येथून नऊ तरुण सोबत नेले होते. १ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांचे शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेली मुले होती. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट याने त्यांचे हृदय जेथे पुरले त्या झाडावर मजकूर कोरला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या दफनविधीत शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. शरणपूर रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती नाशिककरांना हे ठाऊक असेल?

गंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पाथरवट दादा, आपण सांगितल्याप्रमाणे भिंत ठोकून पाहिली. तरुण संघातील मुलांनी परांचीवर चढून खडूने खुणा केल्या. पश्चिमेच्या भिंतीवर बद्द आवाजाचे दगड बहुतेक सर्व सिमेंट भरलेल्या पट्ट्यात आणि पन्हळीच्या खाली आहेत. पूर्व आणि उत्तरेच्या भिंतींवर अशा खुणा तुरळक आहेत. हे पाहिल्यावर प्रस्ताव मांडणारे आमचे एक ज्येष्ठ पंचही विचारात पडले.

जुनेनाशिक, आपला प्रतिसाद मी मुलांना वाचून दाखवला. जेकब वेनराइट हे नाव त्यांनी पहिल्यांदाच ऐकले. संडे स्कूलमध्ये आम्ही दूरदेशीच्या संतांच्या गोष्टी सांगतो आणि शेजारच्या रस्त्यावरची गोष्ट सांगत नाही, हे यापुढे चालू ठेवायचे नाही.

इगतपुरीकर

आपल्या शेवटच्या प्रतिसादातील ‘पन्हळीच्या खाली’ हे शब्द वाचून लिहावेसे वाटले. इगतपुरीचा पाऊस नाशिक शहराच्या चौपटीच्या आसपास असतो, त्यामुळे आमच्याकडे चूक लवकर उघडी पडते. जुन्या इमारतीत ओल दिसली की सगळे भिंतीकडे पाहतात आणि वर कोणी पाहत नाही. माझा अनुभव असा की निम्मे दुखणे छपरात असते. फुटलेले कौल, सरकलेले कोन्याचे कौल, पाल्याने भरलेली पन्हळ, भिंतीच्या माथ्यावरचा सुटलेला थर आणि त्यात उगवलेले पिंपळाचे रोप. दरजा कितीही उत्तम भरल्या आणि वरून पाणी थेट भरावात उतरत राहिले, तर वर्षभरात तोच लोणा परत येईल.

पिंपळ किंवा उंबर असेल तर तो उपटू नये. मूळ भरावात पसरलेले असते आणि उपटताना दगड हलवून बाहेर येते. खोड कापावे, कापलेल्या भागावर मूळ मारणारे औषध लावावे, मूळ पूर्ण वाळू द्यावे आणि मग पोकळीत पातळ चुना ओतून ती भरावी.

कौलांबद्दल एक सांगतो. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये सुरू केला. पुढे अनेकांनी तसलीच कौले काढली आणि प्रत्येकाचे माप किंचित वेगळे आहे. आपल्या छपरावरील एक कौल उतरवून त्याच्या पाठीवरचा छाप पाहावा आणि त्याच मापाची जुनी कौले मिळवावीत. वेगळ्या मापाची कौले मध्ये घातली की खाच बसत नाही आणि वाऱ्याचा पाऊस आत शिरतो. जुने वाडे उतरवले जातात तेथे अशी कौले चांगल्या स्थितीत मिळतात.

द्राक्षमळा

मी अभियंता नाही आणि ख्रिस्तीही नाही, पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. चुन्याला कितीतरी पट वेळ लागतो, खर्च जास्त, कारागीर दुर्मीळ. मंडळी काही श्रीमंत नाही. जी रक्कम जमली आहे तिच्यात अभ्यासिकेसाठी चांगली खोली बांधता येईल आणि भिंतीला साधा सिमेंटचा हात मारता येईल. इमारत महत्त्वाची की तिच्यात बसणारी मुले?

गंगाकाठ

आपला प्रश्न मला मोलाचा वाटतो, कारण हाच प्रश्न सभेत येणार आहे आणि तो विचारणारे आमच्यातलेच असतील.

मंडळी म्हणजे माणसे, भिंती नव्हेत, ही शिकवण आम्हाला लहानपणापासून आहे आणि ती मी मानते. पण आमच्या वस्तीत मुलांना संध्याकाळी बसायला जी जागा आहे ती याच भिंतींनी दिलेली आहे. एप्रिल-मे महिन्यांत वस्तीतील पत्र्याची घरे तापतात, तेव्हा दोन हात रुंदीच्या भिंतींची ही खोली थंड असते, आणि ती थंड ठेवणारा दगड व चुना आम्ही फुकट वापरत आलो आहोत. आता त्याची देखभाल करण्याची पाळी आमची आहे. मुलांसाठी नवी खोली बांधायची आणि जुनी कोसळू द्यायची, यात मुलांचा लाभ मला दिसत नाही.

शिवाय सिमेंटचा साधा हात स्वस्त पडत नाही, हे आम्ही एकदा पैसे घालवून पाहिले आहे. आज जो खर्च समोर आहे त्यातला पहिला भाग ते सिमेंट काढण्याचाच आहे.

चुनखडी

चुन्याविषयी सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर केलेले चुन्याचे काम सिमेंटपेक्षा वाईट होते आणि मग सर्व दोष चुन्यावर येतो.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवला की उकळतो, फुलतो आणि लोण्यासारखा मऊ होतो. हाच विरवलेला चुना वाळूत मिसळून वापरतात. भिंतीत बसल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे जिथून निघाला त्याच रूपात परततो. ही क्रिया पृष्ठभागापासून आत जाते आणि तिला महिनोन्‌महिने लागतात. म्हणूनच घाई करता येत नाही.

विरवताना डोळे सांभाळणे अत्यंत आवश्यक आहे. तरुण संघातील मुले मदतीला येणार असतील तर चष्मा आणि हातमोजे यांशिवाय कोणालाही हौदाजवळ जाऊ देऊ नका. डोळ्यात गेलेला चुना कायमची इजा करतो. गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवत राहावे आणि तसेच दवाखान्यात न्यावे.

मिश्रण ठरवण्यापूर्वी जुन्या चुन्याचा एक खडा घ्यावा, त्याचा चुरा करून सौम्य आम्लात टाकावा. चुना विरघळतो, वाळू खाली राहते. ती धुऊन, वाळवून तोलली की जुन्या कारागिराने किती वाळू, किती जाडीची आणि कोणत्या रंगाची घातली होती ते कळते. विटांचा लालसर चुरा दिसला तर त्याने सुरखी घातली होती, असे समजावे. सुरखीमुळे चुना ओलाव्यातही धरतो, आणि पावसाच्या बाजूच्या भिंतीला ती फार उपयोगी पडते. पारंपरिक कामात गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणीही घालत. माझा सल्ला असा की आपल्या भिंतीत जे होते तेच घालावे आणि ऐकीव कृतींच्या मागे लागू नये. साधारणतः एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग वाळू असे प्रमाण येते. वाळू कणीदार आणि धुतलेली हवी, मातीची नको.

आता हंगाम. चुन्याच्या कामाला दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. पावसाळ्यात तो धुऊन जातो आणि उन्हाळ्यात लवकर वाळून भेगाळतो. भरलेल्या दरजांवर ओली पोती टांगून आठवडाभर तरी ओलावा टिकवावा. आपल्याकडे एक विशेष काळजी घ्यावी लागते : निफाडकडे थंडीत पारा फार खाली उतरतो आणि नाशिक शहरातही काही रात्री कडाक्याच्या असतात. अशा रात्री ताज्या चुन्यावर कोरडी पोती किंवा ताडपत्री टाकावी, कारण गोठण्याच्या जवळ गेलेला ओला चुना पुढे सुटतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : आधी नमुना. भिंतीचा एक हातभर चौकोन निवडा, त्यातले सिमेंट काढा, चुना भरा आणि एक पावसाळा जाऊ द्या. त्या चौकोनामागची आतली बाजू आणि शेजारची बाजू यांची तुलना मंडळीतील प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करता येईल.

स्थापत्य_सिडको

‘चुनखडी’ यांच्या प्रतिसादाला माझे पूर्ण अनुमोदन आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

घंटेच्या मनोऱ्यात दगड जोडण्यासाठी किंवा घंटेचे तुळईकाम धरण्यासाठी लोखंडी पट्ट्या असतील, तर त्या तपासून घ्याव्यात. गंजलेले लोखंड मूळ आकारमानापेक्षा कितीतरी फुगते आणि दगड आतून फोडते. दगडावर तांबूस ओघळ आणि त्याच्याजवळ उभी चीर दिसली तर ती चीर भरून भागणार नाही, आतले लोखंड बदलावे लागेल आणि त्या जागी गंज न चढणारे पोलाद वापरावे लागेल. घंटा हाताने वाजते, म्हणजे मनोऱ्याला दर रविवारी हादरे बसतात. ते थांबवा असे मी म्हणत नाही, मनोरा एकदा अनुभवी संरचना अभियंत्याला दाखवून घ्या, एवढेच म्हणतो.

उपासना बंद ठेवण्याची गरज नाही. मुंबईचे सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ च्या नाताळात उपासनेसाठी उघडले, त्याच्या जतनाच्या कामाला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सन्मान मिळाला, आणि ते आजही उपासनेचेच घर आहे. जतन करणे म्हणजे कुलूप लावणे असा गैरसमज आपल्याकडे आहे. बाहेरच्या दरजांचे काम तर एका वेळी एकाच भिंतीवर, परांचीच्या टप्प्याटप्प्याने करता येते. कुलूपबंद इमारतीतली गळती कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या चर्चमध्ये ती एका रविवारहून अधिक काळ लपून राहू शकत नाही.

सायंघंटा

मी याच शहरात वाढलो. माझी आजी रोज गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाणारी, आणि माझे आजोबा दर नाताळाला आम्हा नातवंडांना शरणपूरचे संत आंद्रिया चर्च, त्र्यंबक रस्त्यावरचे होली क्रॉस आणि नाशिकरोडला बाल येशूचे दर्शन असा फेरा घडवून आणणारे. त्यामुळे या धाग्यात परका असल्याची भावना मला मुळीच नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी उपासनेला जे दिले त्याची आठवण येथे करावीशी वाटते. ते नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे शिकले होते, लक्ष्मीबाईंचे माहेर गोदाकाठचे जलालपूर, आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावरही टिळकांनी अभंग, कीर्तन, टाळ-मृदंग यांची वाट सोडली नाही. दगडी कमानीखाली पेटी-तबल्यावर मराठी भजन चालते, तेव्हा तो नाद वेगळाच येतो. माझे शिक्षण ध्वनिविषयक आहे, म्हणून एक तांत्रिक मुद्दा मांडतो. सिमेंटचा गुळगुळीत, कडक गिलावा चुन्याच्या खरबरीत गिलाव्यापेक्षा आवाज अधिक परतवतो. आधीच रिकाम्या जागेत घुमणारा आवाज आणखी घुमेल आणि प्रवचनातील शब्द मागच्या बाकांवर अस्पष्ट होतील. वयस्कर माणसे बहुधा मागे बसतात. सभेत हा मुद्दा त्यांच्यापुढे जरूर मांडा.

गंगाकाठ

सभा झाली. विस्ताराने लिहिणे मला कर्तव्य वाटते, कारण येथील प्रत्येकाने आपला वेळ दिला आहे.

आरंभी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि मग खडूच्या खुणांचा नकाशा भिंतीवर लावला. त्यावर कोणाचाही वाद झाला नाही, कारण खुणा करणारी मुले समोर बसली होती. त्यानंतर मी लोण्याचे कारण समजावून सांगितले. सर्वाधिक परिणाम झाला तो एका साध्या प्रयोगाचा : जुन्या चुन्याचा आणि सिमेंटचा असे दोन सुटलेले तुकडे शेजारी ठेवून दोन्हींवर थेंब थेंब पाणी टाकले. चुन्याने ते लगेच पिऊन घेतले आणि सभा संपेपर्यंत तो वरून कोरडाही दिसू लागला, सिमेंटवरचे पाणी ओघळून कागदावर गेले. आमचे ज्येष्ठ पंच, ज्यांनी सिमेंटचा प्रस्ताव मांडला होता, त्यांनी स्वतः उठून तो मागे घेतला. त्यांचे वडील याच चर्चमध्ये कौले चाळण्याचे काम करीत, हे मला त्या दिवशी समजले.

द्राक्षमळा यांचा प्रश्नही आला आणि तो तिखटपणे आला. एका तरुण आईने विचारले की पावसाळ्यात अभ्यासिकेत ओल येते, मुले शिंकतात, त्याचे काय? उत्तर म्हणून कामाचा क्रम बदलला. अभ्यासिकेच्या वरचे छप्पर आणि पन्हळ आधी होणार आहे. ते पावसाळ्यापूर्वी करता येईल, त्यात चुन्याचा प्रश्न नाही आणि पैसेही हाताशी आहेत. इगतपुरीकर दादांनी सांगितल्याप्रमाणे कौलाचा छाप पाहिला आहे आणि त्याच मापाची कौले जुन्या नाशकातील उतरवल्या जाणाऱ्या एका वाड्यातून मिळत आहेत.

पश्चिमेच्या भिंतीवर पन्हळीखाली नमुन्याचा चौकोन ठरवला आहे. त्यातले सिमेंट छिन्नीने काढण्याचे काम पाथरवट दादांनी ओळख करून दिलेल्या कारागिरांकडे दिले आहे. पावसाळ्याला अजून अवकाश असल्याने चुना भरून पोत्याखाली पुरेसा ओला ठेवता येईल. मुख्य काम पुढील दिवाळीनंतर सुरू होईल, नाताळच्या आठवड्यात परांची उतरवली जाईल आणि नंतर पुन्हा बांधली जाईल. लेप द्यायचा नाही, असे सर्वानुमते ठरले.

एक अडचण उरली आहे. आतला जुना गिलावा जेथे शाबूत आहे तेथे त्यावर तैलरंगाचे अनेक थर आहेत. ते राहिले तर भिंत आतल्या बाजूने बंदच राहील. ते काढावेत कसे?

चुनखडी

तैलरंग जाळून काढू नका. दिव्याच्या ज्योतीने चुन्याचा गिलावा सुटतो, आणि जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने धूर व धूळ दोन्ही घातक आहेत. मुले त्या खोलीत बसतात, म्हणून कोरडे घासणेही टाळा. कागदावर पसरून भिंतीला लावायचे रंग सोडवणारे लेप मिळतात. ते ठरलेला वेळ ठेवून ओलसर असतानाच पत्र्याने हलके उचलावेत, निघालेला रंग पिशवीत बंद करावा आणि खोली त्या काळात रिकामी ठेवावी. आधी एका कोपऱ्यात पाहा. रंगाबरोबर गिलावाही येऊ लागला तर थांबा आणि तेवढा भाग नव्याने चुन्यात करा. नंतर वरून फक्त चुन्याची सफेदी द्यावी, डिस्टेंपर किंवा प्लास्टिकचा रंग नको. सफेदी दर काही वर्षांनी द्यावी लागते, पण ते काम महिला मंडळ आणि तरुण संघ मिळून करू शकतात.

नमुन्याच्या चौकोनाचे छायाचित्र आजच घेऊन ठेवा, बाहेरून आणि आतून, एकाच जागी उभे राहून. तसेच ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये घ्या आणि येथे टाका. इतर मंडळींनाही ती लागतील.